सात वर्षं पाचट पेटवलं नाही : आमच्या रानातल्या मातीचं काय झालं

कृष्णाकाठ (वाळवा तालुका)

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. यंदाच्या खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडातून परत फुटलेल्या पिकाची) तोड तोंडावर आली आहे आणि गावात रोज संध्याकाळी कुठं ना कुठं धूर दिसतोय, म्हणून आज बसलोच.

आमचं तीन एकर काळं रान आहे. आडसाली (दीड वर्षाच्या उसाची) लागण, मग दोन खोडवे, मग हरभरा, असा फेरा. आमच्याकडं पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणारा वाळका पाला, पेटवणं ही रीतच होती. तोडणीची टोळी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) घेऊन गेली की संध्याकाळी वारा पडल्यावर एक काडी, आणि सकाळी रान आरशासारखं स्वच्छ. बगला (सरीच्या कडा) फोडायला, जारवा (जुनी मुळं) तोडायला, पाणी पाजायला सोपं. मी स्वतः पंधरा वर्षं हे केलं आहे, त्यामुळं जाळणाऱ्याला नावं ठेवायला हा धागा नाही.

पण २०१७-१८ पर्यंत रानाची तऱ्हा अशी झाली होती की पाणी दिलं की दोन दिवस सरीत उभं राही, आणि आठ दिवसांनी बघावं तर भेगा. नांगरट केली की पाटीएवढी ढेकळं निघत, ती रोटाव्हेटरनं फोडायची, आणि पहिल्याच पावसात वरचा थर पापडासारखा बसायचा. एकरी खताची पोती आठावर गेली आणि ऊस साठ टनांवरून बेचाळीसवर आला. माती तपासली : सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के.

जाळणं थांबलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या रानातलं पाचट पेटवलं होतं, ते वाऱ्यानं आमच्या बांधावर आलं. आजीनं लावलेला कडुलिंब एका बाजूनं भाजून निघाला. सकाळी बघायला गेलो तर सरीत एक धामण आडवी पडलेली, चांगली सात फुटांची. तोंड बांधाच्या बिळाकडं होतं, वीतभर अंतर राहिलं होतं. ती आमच्या रानातले उंदीर खाणारी. त्याच आठवड्यात आमची तोड होती. वडिलांना म्हटलं, या वर्षी आपण काडी लावायची नाही. ते काही बोलले नाहीत.

पहिल्या वर्षी मी चूक केली. पाचट नुसतं ठेवलं, बाकी काही केलं नाही. दीड महिन्यात खोडवा पिवळा पडला आणि गाव बघायला आलं. मग समजलं की पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी, म्हणून ते कुजवणारे जिवाणू आधी मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि उसाला उपास पडतो. कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती याचसाठी : हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत पाचटावर टाकायचं आणि पाणी द्यायचं. बुडखे (तोडल्यावर राहिलेले उसाचे खुंट) जमिनीलगत तासून घ्यायचे, म्हणजे फुटवे जमिनीखालून येतात. खत पहारीनं भोकं पाडून, बुडख्यापासून चार-सहा बोटं लांब, वीतभर खोल. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी. पहारीचं काम कष्टाचं आहे, पण खत मुळाशी पडतं, पाण्याबरोबर वाहून जात नाही. बगला फोडणं आणि जारवा तोडणं बंदच केलं.

आता मातीचं. दर श्रावणात मी तीन ठरलेल्या जागी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढतो आणि माती गोणपाटावर पसरून गांडुळं मोजतो. पहिल्या श्रावणात शून्य, एक, शून्य. दुसऱ्या वर्षीही जवळपास तेच, आणि तेव्हा मी फार निराश झालो होतो. चौथ्या वर्षी चार-पाच दिसायला लागली. गेल्या श्रावणात अकरा, चौदा आणि नऊ.

दुसरी परीक्षा पाण्याची. डालड्याच्या जुन्या डब्याचा तळ कापून तो तीन बोटं मातीत ठोकायचा आणि एक लिटर पाणी ओतायचं. पहिलं मुरू द्यायचं, दुसऱ्या लिटरला घड्याळ लावायचं. तेव्हा चाळीस मिनिटं लागली होती, आता अकरा. तिसरी म्हणजे वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात अलगद सोडायचं. बांधापलीकडचं ढेकूळ मिनिटभरात विरघळून राबडी होतं. आमचं अर्धा तास तसंच राहतं, कडेनं फक्त बुडबुडे येतात. हे मी लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी करून दाखवलं, तेव्हा आमचे वडील पहिल्यांदा जवळ येऊन बसले.

सेंद्रिय कर्ब आता ०.५८ आहे. मधे दोनदा लागणीआधी ताग करून गाडला आणि थोडं शेणखतही घातलं, त्यामुळं सगळं श्रेय पाचटाला नाही. खताची पोती आठावरून पाचावर आली. ऊस बेचाळीसवरून एक्कावन्नला आला, साठ अजून नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्या वाचतात, हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

कुणाला विचारायचं असेल तर विचारा.

---

रानवारा (निपाणी)

दादा, फार चांगलं लिहिलंय. आमच्याकडं सीमेच्या अलीकडंही हीच रीत. माझ्या दोन शंका आहेत. पाचट ठेवलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते असं सगळेच म्हणतात. आणि उंदरांचं काय? घोणसही पाचटात बसते, पाणी पाजणाऱ्या माणसाला भीती असते. आमच्या भावकीत एकाला चावली आहे.

---

माती_परीक्षक

मी मृद चाचणी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे. कृष्णाकाठ यांनी आकडे प्रामाणिकपणे दिले आहेत, म्हणून त्यांच्याच आकड्यांवर थोडं बोलतो.

एक हेक्टरातली वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे साधारण २२ लाख किलो. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे २,२०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात ३२ ते ४० टक्के कर्ब असतो. म्हणजे १० टनांतून साडेतीन टनांच्या आसपास. पण कुजताना त्यातला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. दहा-पंधरा टक्के मातीत राहिला तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे वर्षाला ३५० ते ५०० किलो. नुसत्या पाचटावर ०.१ टक्क्याला चार ते सहा वर्षं लागतात ती यामुळं. त्यांचे ०.१६ हे सात वर्षांत, ताग आणि शेणखत धरून, पटण्यासारखे आहेत. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो असं सांगत कुणी बाटली विकायला आलं, तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

मात्र नमुना घेताना काळजी घ्या. वरचं अर्धवट कुजलेलं पाचट बाजूला सारून मगच माती घ्या, नाहीतर चाळणीतून बारीक तुकडे जातात आणि कर्ब खोटा जास्त दिसतो. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, खत दिल्यावर निदान दोन-अडीच महिन्यांनी. आमच्याकडं येणारे निम्मे नमुने बांधाकडेचे किंवा झाडाखालचे असायचे, आणि मग शेतकरी म्हणायचा की अहवाल चुकीचा आहे.

अन्नद्रव्यांचंही सांगून ठेवतो. पाचटात नत्र ०.५ टक्के, स्फुरद ०.२ आणि पालाश ०.७ ते १ टक्का. १० टनांत ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद, ७० ते १०० किलो पालाश. काडी लावली की नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं. राख उरते त्यात पालाश असतो, पण ती वाऱ्यावर उडते नाहीतर पहिल्या पाण्यात वाहते.

---

कृष्णाकाठ

साहेब, नमुन्याचं मला माहीत नव्हतं. पहिली दोन वर्षं मी पाचट न सारताच माती घेतली असणार. म्हणजे मधले आकडे धरायला नकोत. शेवटचे दोन नमुने मात्र नीट घेतले आहेत, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत काढतो.

रानवारा, हुमणीचं सांगतो. उकिरड्यात दिसणारी जाड पांढरी अळी आणि उसाची मुळं खाणारी हुमणी, या दोन्ही वेगळ्या. आपण सगळ्यांना हुमणीच म्हणतो. उसातल्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर पाला खायला गोळा होतात आणि मग रानात अंडी घालतात. वर्षातून एकच पिढी. म्हणून मारायची वेळ तीच. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात केलं पाहिजे. आम्ही सात-आठ घरं मिळून तीन वर्षं करतोय. शिवाय हुमणीला मारणारी मेटाऱ्हायझियम बुरशी शेणखतात मिसळून टाकतो. तिला ओल आणि सावली लागते, आणि पाचटाखाली दोन्ही मिळतं. उघड्या तापल्या रानात टाकली तर ती मरून जाते. हुमणी पूर्ण गेलेली नाही. पण दोन वर्षं औषध ओतावं लागलेलं नाही.

सापाची भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. मी पाचट एकाआड एक सरीत ओढतो आणि पाणी मोकळ्या सरीतनं देतो. माणूस मोकळ्या सरीतनंच चालतो. गुडघ्यापर्यंत गमबूट आणि रात्रीच्या पाळीला हातात बॅटरी, हा नियम घरच्या आणि बाहेरच्या सगळ्यांना.

---

पाखरू

मी शेतकरी नाही, पण कराड-इस्लामपूर पट्ट्यात पंचवीस वर्षं किडे आणि पक्षी बघत फिरतो आहे. उसावरचा लोकरी मावा आठवतोय का कुणाला? २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात तो आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पानांच्या खाली पांढरी लोकर आणि वर काजळी. लोकांनी पॉवर स्प्रे लावून फवारण्या केल्या, पण दाट वाढलेल्या उसात माणूस शिरत नाही तिथं औषध कुठून पोचणार. शेवटी मावा आटोक्यात आणला तो मित्रकीटकांनी. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा किडा. मी पानं उलटी करून तासन्‌तास बघितलंय : डिफाची अळी लोकरीतच जाळं विणते आणि आत बसून मावा फस्त करते. लोक ती पानं कापून दुसऱ्या रानात नेऊन टाचायचे. जिथं फवारणी थांबली तिथं हे किडे वाढले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. रानात खाणारे किडे असतात तसे त्यांना खाणारेही असतात, पण दुसऱ्यांना राहायला जागा लागते. ती जागा म्हणजे बांध आणि पाचट. पाचटाचा हात दीड हात चौकोन उचलून बघा. आधी लांडगा-कोळी पळतात, मग गोमा, भुंगे, आणि खाली ओलसर थरात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे किडे टणाटण उड्या मारताना दिसतील. हे स्प्रिंगटेल बुरशी आणि कुजका पाला खाऊन जगतात. त्यांच्यावर कोळी जगतो, कोळ्यावर कोतवाल. पाणी सुटलं की कोतवाल, साळुंक्या, बगळे कुठल्या रानात उतरतात ते बघा. जाळलेल्या रानात पहिल्या दिवशी गर्दी होते, कारण मेलेले किडे उघड्यावर पडलेले असतात. नंतर महिनाभर तिकडं कुणी फिरकत नाही.

आणि बांध. पूर्वी बांधावर बैलगाडी जायची. आता जेसीबीनं कोरून हातभर उरले आहेत. फूटभर जमीन मिळते, पण घोरपड, मुंगूस, घुबड यांची घरं जातात. उंदीर वाढले की मग विषाच्या गोळ्या. धामणीचं वाचून मला फार वाईट वाटलं.

---

वऱ्हाडी_शिवार (यवतमाळ)

चांगला धागा हाये. आमच्याइकडे ऊस नाही, पऱ्हाटी (कापूस) हाये, आन् तीही जाळतातच. पण भाऊ, एक गोष्ट ध्यानात ठेवा. उसाचं पाचट रानात ठेवलं ते ठीक, पऱ्हाटीचं तसं नाही. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते. फरदड (वेचणी झाल्यावरही लांबवलेलं पीक) ठेवली, पऱ्हाटीचे ढीग बांधावर लावले, का पुढच्या साली अळी घरचीच. म्हणून आम्ही डिसेंबरात पीक संपवतो, श्रेडरनं पऱ्हाटी बारीक करतो आन् तिचं खत करून मंग वावरात टाकतो.

आमच्या जिल्ह्यातले सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं वावर ज्यानं पाह्यलं त्याला समजते, का झाडं, पाखरं, गायी अन् वावरात मुरलेलं पाणी हे सारं एका हिशोबातलं हाये.

---

भातखाचर (कर्जत)

आमच्या भागात हाच विचार भातासाठी झाला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात एकदाच गादीवाफे करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. टोकण करायची आणि कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मी पाच वर्षं करतोय. चिखलणी थांबल्यावर माती वाहून जाणं थांबलं, ते डोळ्यांना दिसतं. पूर्वी पहिल्या मोठ्या पावसात वहाळ चहासारखा व्हायचा.

मात्र माझ्या मनात एक खटकतं ते लिहितो. नांगर नाही म्हणून तण मारायला तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो. माती उलथत नाही हे चांगलं, पण ग्लायफोसेट दर वर्षी मारायचं हे मला बरं वाटत नाही. सध्या बांधाकडची दोन खाचरं ग्रास कटरनं करून बघतोय. मजुरी जास्त जाते. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विना-नांगरणीबद्दल लिहितात, त्यात तण हेच जमिनीला खाऊ घालण्याचं साधन आहे असं ते सांगतात. वाढू द्यायचं आणि योग्य वेळी आडवं करायचं. ती योग्य वेळ मला अजून नीट साधलेली नाही.

---

शेवंता (अकोले)

दादा, आमच्या डोंगरात राब भाजतात. भात-नागलीच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवायचं. त्यासाठी दर साली झाडं सवळतात (फांद्या छाटतात), आणि ओढायचं काम बाईच्या डोक्यावर. आमच्या गटातल्या चार जणींनी दोन वर्षं राब न भाजता गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप केलं. रोप चांगलं आलं, फक्त खुरपणी एक जास्त झाली. भाजल्यानं तणाचं बी मरतं, म्हणून म्हातारी माणसं भाजतात, त्यांचंही चूक नाही.

आणि बियाणं विसरू नका. आमच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले, म्हणून आमच्या बांधावर आज पुन्हा वाल, घेवडे दिसतात. एकच एक पीक, एकच एक वाण असलं तर मातीखालची मंडळी तरी किती जातीची राहणार?

---

ओलीता

एक विचारू का? मी बाजारातनं गांडुळं आणून रानात सोडली तर लवकर फरक पडेल का? आणि माझी जमीन खंडानं घेतलेली आहे, अकरा महिन्यांचा करार.

---

माती_परीक्षक

विकत मिळतात ती बहुतेक आयसेनिया फेटिडा. ती शेणाच्या, पाल्याच्या ढिगात वरवर राहणारी जात आहे. गांडूळखताच्या बेडला उत्तम, पण उघड्या रानात टिकत नाही. जमिनीत खोल बिळं करून पाणी मुरवणारी गांडुळं म्हणजे आपली देशी. त्यांना आणावं लागत नाही. अन्न, ओल आणि सावली मिळाली, नांगर-रोटाव्हेटर कमी झाला, की बांधाकडून आपोआप आत सरकतात. म्हणूनच कृष्णाकाठ यांना चार वर्षं लागली.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. अकरा महिन्यांच्या कराराची जमीन कुणी सुधारत नाही आणि त्यात कसणाऱ्याचा दोष नाही. मालकाशी निदान तीन वर्षांचं बोलून बघा. बोलताना माती तपासणीचा कागद समोर ठेवा.

---

रानवारा

कृष्णाकाठ दादा, घाईनं लिहितोय. तुमचं वाचून मी अर्धा एकर खोडवा न पेटवता ठेवला. युरिया, सुपर, जिवाणू सगळं टाकलं. आज अठरावा दिवस. पाचट उचललं तर खाली सगळीकडं पांढरी बुरशी आली आहे, कापसासारखी. बुडख्यालाही लागली आहे. वडील म्हणतात खोडवा कुजणार, उद्याच पेटवून टाक. काय करू?

---

कृष्णाकाठ

पेटवू नका. आधी हे बघा : बुरशी पाचटाच्या खालच्या बाजूला आहे ना, आणि वास पावसानंतरच्या मातीसारखा येतो ना? मग ती पाचट कुजवणारी बुरशी आहे, तिच्यासाठीच आपण एवढं केलं. बुडखा नखानं दाबून बघा. टणक असेल आणि कोंब पांढरे-हिरवे असतील तर काळजी नाही. बुडखा मऊ लागला, आंबूस वास आला, चिरल्यावर आत लाल दिसलं, तर तो रोग. तेवढे बुडखे काढून टाका आणि त्या सरीत पाणी साचतंय का ते बघा. पाचट बुडख्यावर आलं असेल तर हातानं सरीत सारा, बुडख्यावर ऊन पडू द्या. विद्यापीठाच्या शिफारशीत बुडखे तासल्यावर बुरशीनाशक मारायला सांगतात ते याच भीतीपोटी, पुढच्या वेळी तेही करा.

वडिलांना रागावून बोलू नका. त्यांनी वर्षानुवर्षं स्वच्छ रान बघितलं आहे, हे त्यांना घाण दिसणारच. माझ्या वडिलांनाही पाच वर्षं लागली.

---

रानवारा

बघितलं. बुडखे टणक आहेत. दोन ठिकाणी मऊ लागले, तिथं पाणी साचत होतं, काढून टाकले. वास मातीचाच आहे. वडील सकाळी स्वतः येऊन पाचट उचलून बघून गेले. काही बोलले नाहीत, पण काडीपेटी खिशात होती ती परत घेऊन गेले.

आणि तुम्ही सांगितला तसा खड्डा काढला, न पेटवलेल्या तुकड्यात एक आणि पेटवलेल्यात एक. दोन्हीकडं एकेक गांडूळ. म्हणजे आत्ता काहीच फरक नाही.

---

कृष्णाकाठ

आत्ता नसणारच. थंडीत आणि उन्हाळ्यात गांडूळ खोल जातं, फूटभर खड्ड्यात सापडत नाही. दोन्ही जागी बांधापासून पावलं मोजून वहीत लिहून ठेवा, खुंटी ठोकलीत तर बुडखे तासताना ती हमखास उपटली जाते. श्रावणात चांगली झड लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, त्याच जागी परत खणा. मोजून झाल्यावर गांडुळं खड्ड्यात सोडून वर ओलं पाचट झाका, नाहीतर साळुंक्या वरच बसलेल्या असतात. आकडा इथंच टाका, शून्य आला तरी टाका.